खुंटीवरची चावी

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. पण माझी चाकं मोजायला गेलात तर तुमचा गोंधळ उडेल. पुढं एक, मागं एक, इथपर्यंत सगळं ठीक. मात्र मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना आणखी एकेक छोटं चाक आहे. जळकोटच्या बाजारात पोरं मला बघून हसतात. "स्कूटरला पिल्लं झाली," असं परवाच एक जण म्हणाला. मला राग येत नाही. ही पिल्लं नसती तर मी आज भंगारात असते आणि तुम्हाला ही गोष्ट सांगायला उरले नसते.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. लातूरच्या दुकानात काचेआड उभी होते, तेव्हा उदगीरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, अडते राजशेखर अप्पा आले आणि माझ्या निळ्या रंगावर भाळले. घरी नेल्यावर त्यांनी माझ्या दिव्यावर तीन बोटांनी विभूती ओढली, हँडलला हार घातला आणि मगच किल्ली फिरवली. मला गिअर नाहीत. दोन्ही ब्रेक हातात आहेत आणि बटण दाबलं की मी सुरू होते. "पायाला कायच काम न्हाई बगा हिच्यात," असं अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत. या वाक्याचा खरा उपयोग पुढं कुणाला होणार आहे, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

अप्पा मला कुणाच्या हाती देत नसत. रोज सकाळी फडक्यानं पुसत. तुरीचे, हरभऱ्याचे नमुने डिकीत ठेवून आम्ही मोंढाभर हिंडायचो. ते दिवस माझ्या मिजाशीचे होते.

मग मुलानं मोटार घेतली. अप्पांचं वयही झालं. मला दुकानामागच्या गोदामात लावलं ते तात्पुरतं म्हणून. आधी माझ्यावर एक रिकामं पोतं पडलं, मग भरलेलं. उंदरांनी सीट कुरतडून आत संसार मांडला. कुणी मला मुद्दाम टाकून दिलं नव्हतं. फक्त कुणी आठवण काढली नाही, आणि वस्तूच्या वाट्याला यापेक्षा वाईट काही येत नाही.

एके दिवशी आनंदराज सर डाळ घ्यायला दुकानात आले, तेव्हा गोदामाचं दार उघडं होतं. ते उदगीरच्या एका शाळेत शिकवतात. दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या आणि हातात काठी. बाहेर त्यांची स्वतःची स्कूटर उभी होती, तिला चार चाकं. मी पोत्याखालून तिच्याकडं बघितलं आणि मनात म्हटलं, काय हे ध्यान!

"अप्पा, ती पोत्याखाली काय हाय?" सरांनी विचारलं.

"ती व्हय? जुनी गाडी हाय, सर. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

"मला द्या."

"तुमच्याकडं हाय की एक."

"मला न्हाई हो. जिला पाहिजे तिला."

सरांचा हा उद्योग उदगीरमध्ये बऱ्याच जणांना माहीत होता. ज्यांचे पाय चालत नाहीत अशा माणसांना नवी गाडी परवडत नाही. हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलीवर चढ आला की खांदे भरून येतात, आणि आपल्या भागात चढांना काय तोटा? म्हणून सर आणि त्यांचे चार मित्र धूळ खात पडलेल्या स्कूटर मागून आणत, त्यांना बाजूची चाकं लावून घेत आणि गरजूला देत. एक गाडी देगलूरला गेली होती, एक पार हिमायतनगरला. त्यांचे नियम दोनच. गाडीची गरज संपली की ती परत करायची, म्हणजे पुढच्याला देता येईल. आणि चावी राहील ती चालवणाऱ्याच्याच अंगावर. घरातल्या दुसऱ्या कुणाकडं नाही.

अप्पा उठून गोदामात आले. मग त्यांनी पोती उचलायला लावली, खांद्यावरच्या उपरण्यानं माझी सीट झटकली आणि हात जोडून म्हणाले, "शरणु शरणार्थी. जा बाई, कामाला लाग."

व्यंकटीच्या गॅरेजात माझं दुसरं बारसं झालं. हा व्यंकटी देगलूरकडचा, तोंडात अर्धी तेलुगू गाणी आणि हातात वेल्डिंगची कांडी. त्यानं उंदरांना बाहेर काढलं, इंजिन खोललं, बॅटरी बदलली. इथवर मी खूश होते. मग त्यानं माझ्या मागच्या बाजूला लोखंडी पट्टी जोडली आणि दोन्ही टोकांना छोटी चाकं बसवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीला काठी दिली असं वाटलं. मोंढ्यातल्या गाड्यांनी बघितलं तर काय म्हणतील, याच विचारात मी दोन दिवस नीट सुरूही झाले नाही. व्यंकटीनं माझ्या सीटवर थाप मारली. "रुसू नको. आता तू पडत न्हाईस, आन् तुझ्यावर बसणारी बी पडत न्हाई."

बसणारी आली ती शिवकन्या.

जळकोटजवळच्या एका खेड्यातली ही मुलगी. लहानपणी ताप आला, तो उतरला पण उजवा पाय घेऊन गेला. एका काखेत कुबडी घेऊन ती चालायची. उदगीरला मामाकडं राहून मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायला शिकली होती, आणि गावातल्या बायका तिच्या दारात बिघडलेले मिक्सर आणून ठेवत. पण काम दारात आलं तरच. तिला कुठं जायचं असेल तर आधी कुणाला तरी मोकळीक आहे का, ते बघावं लागे. वयाच्या तिशीपर्यंत ती एकदाही एकटी गावाबाहेर पडली नव्हती.

सरांनी तिला शाळेच्या मैदानावर शिकवलं. पहिल्या दिवशी तिचे हात इतके घट्ट होते की माझे ब्रेक आखडले. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यावर बसून मैदानाला एक फेरी मारली, मग दुसरी, मग मला फाटकातून बाहेर काढून सरळ रस्त्याला नेलं. सर मागून ओरडत राहिले. ती परत आली तेव्हा घामानं निथळत होती आणि हसत होती.

"कुटं गेल्ती?"

"कुटंच न्हाई, सर. उगंच."

सरांनी तिला एक गोष्ट घोकून घेतली. "बैलगाडीच्या वाटंवर दोन चाकोऱ्या असत्यात. मोटारसायकलवाले चाकोरीतून जात्यात. तू जायचं न्हाई. तुझं मधलं चाक चाकोरीत गेलं की बाजूची चाकं काठावर टेकत्यात, आन् मधलं राहतंय हवेत फिरत. कायम मधल्या वरंब्यावरून घ्यायची गाडी." शिवकन्यानं ते पाठ केलं. मीही केलं.

लातूरला जाऊन माझ्या नव्या चाकांची सरकारी नोंद झाली, तिला परवानाही मिळाला. निघताना सरांनी चावी लाल गोफात ओवून तिच्या गळ्यात घातली. "ही हितनं काढायची न्हाई," ते म्हणाले.

मित्रांनो, आता गोष्टीतला अवघड भाग येतो. त्यात वाईट माणूस कुणी नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

आम्ही घरी पोचलो तेव्हा शिवकन्याच्या आईनं, गुरम्मानं, दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. घरात गुरम्मा, धाकटा मुलगा मल्लिनाथ आणि त्याची बायको स्वप्नाली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेजारपाजार जमला. स्वामींना बोलावून विभूती लावली. आणि मग गुरम्माचं लक्ष लेकीच्या गळ्याकडं गेलं.

हे घर लिंगायताचं. गळ्यातलं लिंग हा त्यांचा देव, तो सदा अंगावर असतो. शिवकन्याच्या गळ्यातही चांदीच्या करडीत, म्हणजे छोट्या डबीत, तो होता आणि त्याच्याच शेजारी माझी चावी लोंबत होती.

"आग बाई, लिंगाशेजारी लोखंड?" गुरम्मा म्हणाली. "बरं दिसत न्हाई ते. आण हिकडं."

तिनं गोफ लेकीच्या डोक्यावरून अलगद काढला, चावीला कुंकू लावलं आणि आत नेऊन देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला टांगली. त्या घरात कोठीची, कपाटाची, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची, साऱ्या चाव्या त्याच खुंटीवर असत. घरातली मानाची जागा ती. देव्हारा भिंतीतल्या कोनाड्यात, आणि खुंटी त्याहूनही वर. मल्लिनाथचा हात सहज पोचे. गुरम्मा पाटावर उभी राहून काढी. कुबडीवर उभ्या माणसाला पाटावर चढता येत नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मी अंगणात उभी होते. उघड्या दारातून ती खुंटी मला समोरच दिसत होती.

पहिल्या आठवड्यात शिवकन्यानं चावी मागितली.

"कुटं निघालीस?" गुरम्मानं विचारलं.

"जरा जाऊन येते."

"पर कुटं? कशाला? मल्लिनाथ नेतो की. येकटीला कशाला तरास?"

शिवकन्याजवळ सांगण्यासारखं काम नव्हतं. तिला नुसतं जायचं होतं. नुसतं जायचंय, हे घरच्यांना कसं सांगायचं ते तिला सुचलं नाही. मग मल्लिनाथनं तिला माझ्या मागच्या सीटवर बसवून जळकोटला नेलं, भजी खायला घातली आणि परत आणलं. तो मनापासून खूश होता. ती "बरं वाटलं," म्हणाली.

तिनं आणखी दोन-तीनदा मागून बघितलं. प्रत्येक वेळी कुटं आणि कशाला. मग तिनं मागणं सोडलं. एखादी गोष्ट दर वेळी मागावी लागली की ती आपली राहत नाही, आणि शिवकन्याला आयुष्यभर मागून मागून कंटाळा आला होता.

मी मात्र रिकामी नव्हते. चार चाकांची गाडी कलंडत नाही, हे मल्लिनाथच्या लवकरच लक्षात आलं. दुधाचे कॅन, पेंडीची पोती, कडब्याच्या पेंढ्या, सगळं माझ्यावर येऊ लागलं. गावकरी म्हणत, "लई कामाची गाडी हाय." मल्लिनाथ मला धूत असे, तेल बदलत असे. गोदामात पडून राहण्यापेक्षा हे बरंच बरं होतं, असं म्हणाल तर म्हणा. पण मला आता मोंढ्यातले दिवस आठवत नसत. शाळेच्या फाटकातून बाहेर पडलेला तो एक सरळ रस्ता आठवे.

एकदा सरांचा फोन आला. तो गुरम्मानं घेतला. "गाडी व्हय? लई झकास हाय, सर. साऱ्या घराला उपेगी पडून राहिली." मग फोन शिवकन्याकडं गेला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "गाडी बरी चालती, सर." त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग येळवस आली.

लातूरकडच्या मुलांना येळवस सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं घरंच्या घरं कुलूप लावून शेतात जातात. ज्वारी उभी असते, हरभरा घाट्याला आलेला असतो. कडब्याची छोटी झोपडी, म्हणजे कोप, उभारतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात. भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, सगळा स्वयंपाक शेतात न्यायचा. आणि सगळ्यात मानाची ती आंबील. ताक आणि ज्वारीच्या पिठाची. ती मडक्यात भरून घरातला पुरुष अनवाणी डोक्यावरून नेतो, पूजा झाली की पिकावर शिंपडतो. आंबील पोचल्याशिवाय पूजा नाही, आणि पूजेशिवाय कुणी घास उचलत नाही.

पूर्वी मल्लिनाथ बहिणीला पाठंगुळी घेऊन शेतात नेई. ती मोठी झाली, तरी नेई. वाटेतले लोक हसत, प्रेमानंच हसत. एका वर्षी शिवकन्या म्हणाली, "मी घर राखते. तुमी जावा." त्यानंतर दर वर्षी तीच घर राखू लागली. हळूहळू सगळे म्हणायला लागले की शिवकन्याला शेतात यायची आवड नाही. भज्जी मात्र तिच्याच हातची लागे.

त्या दिवशीही सगळं तिनंच रांधलं. स्वप्नाली शेजारणींबरोबर टोपल्या घेऊन पुढं गेली. मल्लिनाथला एक युक्ती सुचली.

"अव्वा, औंदा मडकं गाडीवरच नेऊ. ही काय कलंडत न्हाई. तू बी माघं बस, गुडघं दुखत्यात तुझं."

गुरम्माचे गुडघे खरंच दुखत होते. माझ्या पुढच्या पायठेवणीवर चुंबळ ठेवून मल्लिनाथनं आंबिलीचं मडकं नीट बसवलं. गुरम्मा मागं बसली. शिवकन्या उंबऱ्याशी कुबडी टेकून उभी होती. जिच्यासाठी मला चार चाकं लावली ती दारात, आणि आंबील गाडीवर. मला त्या दिवशी सुरू व्हायचंच नव्हतं. पण बटण दाबलं की सुरू व्हायचं, एवढंच माझ्या हाती.

"दार लावून घे, अक्का," मल्लिनाथ म्हणाला. "तुझा डबा पाटवतो."

शेताकडं जाणारी पांदण गाड्यांनी खोल उकरलेली होती. मल्लिनाथनं जन्मभर मोटारसायकल चालवलेली, आणि मला पांदणीत तो पहिल्यांदाच आणत होता. सवयीनं त्यानं मला चाकोरीत घातलं. मी ओळखलं होतं काय होणार ते. पुढं चाकोरी खोल झाली, माझी बाजूची चाकं दोन्ही काठांवर टेकली आणि मधलं चाक हवेत गरगरू लागलं. मल्लिनाथनं जोर दिला. मी जागची हलेना. तो उतरला, मागं गेला आणि चिडून एक धक्का मारला. मी पुढं हिसकले. मडकं चुंबळीवरून सुटलं आणि चाकोरीत पडून फुटलं. पांढरी आंबील काळ्या मातीत जिरून गेली.

गुरम्मा खाली उतरून बघतच राहिली. मल्लिनाथचा चेहरा उतरला. त्यानं मला उचलायचा प्रयत्न केला, पण एकट्याला जमेना.

"शेतातनं कुणाला तरी बलावून आणतो," तो म्हणाला. "तू हितंच बस, अव्वा. हालू नको. येतोच मी." आणि तो पळत गेला.

गुरम्मा बांधावर बसली. पांदणीतून लोक जात होते. बैलगाड्या, ट्रॅक्टर, डोक्यावर मडकी घेतलेले गडी. "काय झालं, मावशी?" "फुटली व्हय आंबील? आरारा!" "बसा निवांत, येईल की मल्लिनाथ." ट्रॅक्टरवरून एक जण म्हणाला, "जागा आसती तर नेलं आसतं बगा." सगळ्यांची मनं चांगली होती. सगळे पुढं निघून गेले. लांबून शेताशेतातून पूजेचा गजर ऐकू यायला लागला. गुरम्मा उठली, चार पावलं टाकली, गुडघ्यानं साथ सोडली, पुन्हा बसली. तिला शेतातही जाता येईना आणि घरीही. ऊन वर चढत होतं आणि मल्लिनाथचा पत्ता नव्हता.

आणखी एक बैलगाडी आली. "हितंच बसा, मावशी. हालू नका," गाडीवान जाताजाता म्हणाला.

गुरम्मानं वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. जवळपास दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्याशीच बोलली. "तिला बी आमी हेच म्हंतो की गं," ती म्हणाली. "रोज म्हंतो." पदर तोंडाला लावून ती थोडा वेळ रडली. मला हात असते तर मी तिच्या पाठीवर ठेवला असता.

मल्लिनाथ एका शेजाऱ्याला घेऊन आला. दोघांनी मला उचलून वर काढलं. मल्लिनाथ म्हणाला, "घरी अक्काच्या वाटणीची आंबील ठिवलेली हाय. ती आणतो, अव्वा. झटक्यात येतो."

"आंबील आण," गुरम्मा म्हणाली, "पर डोक्यावर आण. आन् येताना गाडी तू चालवायची न्हाई. गाडी शिवकन्या आणंल."

"अक्का? ह्या पांदणीतनं? अव्वा, ती पडंल."

"तू पाडलंस की आताच. जा."

आम्ही घरी पोचलो तेव्हा शिवकन्या ओसरीवर बसून कुणाचा तरी मिक्सर खोलत होती. सणाच्या दिवशी, रिकाम्या गावात. मल्लिनाथनं खाली मान घालून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "अव्वानं तुला बलावलंय. तूच गाडी आण, म्हणली."

शिवकन्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. "चावी?"

"गाडीलाच हाय, अक्का."

 तिनं पदर खोचला, कुबडी माझ्या बाजूला दोरीनं बांधली आणि बसली. तिचे हात हँडलवर आले आणि मला मैदान आठवलं. मल्लिनाथनं चपला काढल्या, लहान मडकं डोक्यावर घेतलं आणि आम्ही निघालो. मी त्या दिवशी अशी चालले की मोंढ्यातही कधी चालले नव्हते. थोड्या वेळानं मागून हाक आली, "आगं अक्का, हळू! आंबील सांडंल!"

शिवकन्यानं मला थांबवलं आणि मागं वळून बघितलं. आजवर लोक तिच्यासाठी थांबत आले होते. आज पहिल्यांदा ती कुणासाठी तरी थांबली होती. तिला हसू आवरेना.

पांदणीत तिनं मला चाकोरीच्या जवळही जाऊ दिलं नाही. मधल्या वरंब्यावरून, सावकाश, माझी बाजूची चाकं मोकळी सोडून तिनं मला नेलं. फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या मागं पडल्या. गुरम्मा बांधावरून उठून उभी राहिली होती.

"चढ, अव्वा," शिवकन्या म्हणाली.

गुरम्मा मागं बसली. दोन्ही हात तिनं लेकीच्या कमरेला घातले. तीस वर्षं तिनं या लेकीला धरून चालवलं होतं.

शेताच्या बांधापर्यंत मी, तिथून कोपीपर्यंत कुबडी. मल्लिनाथ सवयीनं पाठ वाकवून पुढं आला. "नगं," शिवकन्या म्हणाली, "येते मी." तूर डोक्याएवढी वाढली होती. किती तरी वर्षांनी ती आपल्या रानाकडं बघत होती. पूजा झाली. मल्लिनाथ आंबील शिंपडत, हर हर महादेव म्हणत पिकातून फिरून आला. मग नेहमीच्या सवयीनं त्यानं माझी चावी काढून आईच्या हातात दिली, सांभाळायला.

गुरम्मानं ती चावी थोडा वेळ तळहातावर धरली. मग लाल गोफ उलगडला आणि शिवकन्याच्या गळ्यात घातला.

स्वप्नाली हळूच म्हणाली, "आत्याबाई, लिंगाशेजारी लोखंड चालतंय का?"

"लिंग आपण खुंटीला टांगतो का कधी?" गुरम्मा म्हणाली. "ज्याचं त्याच्या अंगावर आसतंय ते. दुसऱ्यानं सांभाळायचं नसतंय. ही बी तसलीच हाय. माझंच चुकलं."

 शिवकन्यानं चावी मुठीत घट्ट धरली आणि सगळ्यांच्या देखत रडली. मग डोळे पुसून सगळ्यांना भज्जी वाढली.

मित्रांनो, तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी मी जळकोटच्या बाजारात उभी असते. माझ्या शेजारी शिवकन्याचं छोटं दुकान लागतं, दुरुस्तीला आलेले मिक्सर आणि पंखे रांगेत ठेवलेले असतात. मल्लिनाथला पेंड आणायची असेल तर तो येऊन विचारतो, "अक्का, गाडी मोकळी हाय का?" कधी ती हो म्हणते, कधी नाही. आता मी थकले आहे. चढाला मला धाप लागते. पण माझं काम संपलं की मी सरांकडं परत जाईन, व्यंकटी मला पुन्हा उभी करेल आणि आणखी कुणीतरी माझ्यावर बसेल. तुमच्या घरी, गोदामात, पोत्याखाली माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल तर तिला बाहेर काढा आणि ज्याला पाय नाहीत त्याला द्या. आणि दिल्यावर एवढ्यावरच थांबू नका. काही दिवसांनी त्या घरी जाऊन बघा, चावी कुठं टांगली आहे.

आज सकाळचीच गोष्ट. बाजार नव्हता. शिवकन्यानं कुबडी बांधली आणि बटण दाबलं. गुरम्मा दारात तुळशीला पाणी घालत होती.

"कुटं निघालीस गं?"

"कुटंच न्हाई, अव्वा. उगंच."

गुरम्मानं तांब्या खाली ठेवला, अंगणाचं फाटक उघडलं आणि बाजूला झाली. "बरं," ती म्हणाली, "सावकाश जा."